पाहुण्यांचा दिवस

साष्टी बेटाच्या ईशान्य काठावर, जिथे उल्हास नदी आपले नदीपण हळूहळू टाकून वसईच्या समुद्राकडे निघालेल्या खाडीचे रुंद रूप धारण करते, त्या कोलशेत गावी ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याच्या घरी पाहुण्यांचा राबता बारमाही असतो. आणि परभणीहून, अकोल्याहून किंवा सांगोल्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पाहुण्याच्या मुखातून, पहिला चहा संपण्याच्या आतच, जो प्रश्न बाहेर पडतो तो बहुधा एकच असतो : ‘मुंबई कधी दाखवताय?’ या प्रश्नात कुतूहल असते, वर्षानुवर्षे मनात जपलेली इच्छा असते, आणि ती पुरी करण्याचा भार आपण यजमानावर टाकीत आहोत याचा किंचित संकोचही असतो. म्हणूनच पाहुण्यांच्या सहलीचा बेत आखणे हे काम मला कधीच किरकोळ वाटले नाही. दुसऱ्याच्या आयुष्यातले मोजके फुरसतीचे दिवस आपल्या हवाली झालेले असतात; ते कसे खर्ची पडले याचा जाब आपण आपल्याच मनाला देऊ शकलो पाहिजे.

आमच्याकडचा रूढ शिरस्ता असा, की एक वाहन भाड्याने ठरवावे, पहाटे निघावे, आणि सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, गेटवे, चौपाटी, जुहू अशी सगळी स्थळे एका दिवसात उरकून मध्यरात्री घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड वाहनांच्या रांगेतून घरी परतावे. या रीतीने मुंबई पाहिल्याचे समाधान मिळते हे मी नाकारीत नाही. पण चार दिवसांनी त्याच पाहुण्याला काय पाहिले म्हणून पुसावे, तर स्थळांची नावे तेवढी सांगता येतात, आणि त्या नावांमागे काचेपलीकडून सरकत गेलेल्या आकृतींखेरीज काही उरलेले नसते. दर्शनाला अवधी लागतो. ज्या माणसाने कधी समुद्र पाहिलेला नाही त्याला समुद्रासमोर निदान घटकाभर उगाच बसू दिले पाहिजे, त्या वेळात पुढच्या स्थळाचे नावही काढता कामा नये, हा माझा पहिला आग्रह आहे.

दुसरा आग्रह वेळेचा. तो मला पुस्तकांनी शिकवला नाही, या खाडीकाठच्या कोळ्या-आगऱ्यांच्या पिढीजात व्यवहाराने शिकवला. होडी कधी लोटायची, जाळे कधी लावायचे, हे ज्यांचे पोट पाण्यावर अवलंबून आहे ते तिथीवरून ठरवीत आले आहेत. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, आणि दुपारी बारानंतर तितके तास मोजावेत, की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते : अमावास्या-पौर्णिमेला ती मध्यान्हीच्या आसपास, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. कोलशेतसारख्या आत शिरलेल्या खाडीत तेच पाणी पोहोचायला आणखी थोडा अवधी जातो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मोठे, अष्टमीच्या भांगाचे पाणी मंद; आणि दररोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. ओहोटीच्या वेळी पाहुण्याला घेऊन धक्क्यावर जावे तर काळा चिखल, त्यात उड्या मारणारे निवटे आणि तिवरांची उघडी मुळे दिसतात. मला ते दृश्यही प्रिय आहे. पण जो पाणी पाहायला आला आहे त्याच्या पदरी त्याने निराशाच पडते. पंचांग उघडून निघण्याची ही सवय जडली, की मग शहराच्या गर्दीलाही अशीच एक भरती-ओहोटी आहे, सकाळी ती दक्षिणेकडे लोटते आणि सायंकाळी उत्तरेकडे परतते, हे ध्यानात यायला उशीर लागत नाही. आणि तिच्या उलट दिशेने किंवा ती ओसरल्यावर निघण्याइतका साधा उपाय असताना लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना नऊच्या जलद गाडीच्या दारात लोटणे ही निर्दयताच होय, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून आमच्या घरून मुंबईला निघायचे ते अकराच्या पुढे, आणि तेही ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या गाडीने. तासाभराचा प्रवास, पण बसायला जागा मिळते आणि खिडकी मिळते. चौतीस किलोमीटरचा हा मार्ग म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या प्रवासी आगगाडीचा मार्ग. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेल्या त्या गाडीला चौदा डबे होते, तीन इंजिने होती आणि तिच्यातून आलेले सुमारे चारशे प्रवासी कोणत्याही कामाधंद्यासाठी निघालेले नव्हते. ते निमंत्रित होते. देशातला रेल्वेचा पहिला प्रवास हीच मुळी पाहुण्यांची सहल होती आणि तिचे गंतव्यस्थान ठाणे होते, ही गोष्ट खिडकीशी बसलेल्या पाहुण्याला सांगताना मला अजूनही भरून येते.

एका दिवशी एकच ठिकाण. घारापुरीला जायचे तर तो सबंध दिवस घारापुरीचा. गेटवेच्या धक्क्यावरून लाँचने तासाभराचा जलप्रवास, मग पायऱ्यांची चढण, आणि मग त्या अंधाऱ्या मंडपात सुमारे सहा मीटर उंचीच्या त्रिमूर्तीसमोर डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहणे. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही तहकूब होतात. या दोन गोष्टी आधी न पाहता पाहुण्यांना धक्क्यापर्यंत नेऊन परत आणणारे यजमान मी पाहिले आहेत आणि मला त्या पाहुण्यांची कणव आली आहे. मुलेबाळे बरोबर असली तर भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातच १८७२ साली लोकांना खुले झालेले भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथला बंद दिवस बुधवार. संग्रहालयात जुन्या मुंबईच्या लोकांची, त्यांच्या पागोट्यांची आणि धंद्यांची जी मातीची छोटी प्रतिरूपे आहेत, त्यांच्यापुढून मुले हलत नाहीत. त्यांना हलवू नये.

परंतु मुंबईचा हट्ट थोडा बाजूला ठेवून पाहुण्याने निदान एक दिवस ठाण्याला द्यावा, असा आग्रह मी दरवेळी धरतो. सकाळी मामलेदार कचेरीजवळची तिखटजाळ मिसळ खाऊन डोळे पुसत बाहेर पडावे आणि तसेच मासुंदा तलावाच्या काठी चालत यावे. समोर कोपिनेश्वराचे देऊळ. शिलाहारांच्या काळाशी ज्याचे नाते सांगतात, आणि ज्याचा जीर्णोद्धार १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी करवला, त्या देवळाच्या गाभाऱ्यातले प्रचंड शिवलिंग पाहिल्यावर मराठवाड्यातून आलेल्या, औंढ्या-परळीच्या वाऱ्या केलेल्या माणसालाही आपण परमुलखात नाही असे वाटू लागते. जवळच पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांच्या हाती आलेला किल्ला. तो आज मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे बाहेरूनच पाहायचा. वाचनाची आवड असलेल्या पाहुण्याला १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा उंबरा दाखवल्यावाचून मला चैन पडत नाही. रात्री गडकरी रंगायतनात नाटक असेल तर दिवस पुरा झाला. हिवाळ्यात मात्र याच्या जोडीला ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहण्याचा बेत घालावा. त्या खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला आहे, आणि तिथल्या बोटीही शेवटी भरतीच्याच वेळा पाळतात.

अंबरनाथ हे याहून निराळे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख ज्याच्या अंगावर आहे, त्या शिलाहार मम्वाणीच्या काळातल्या शिवमंदिराकडे मी सगळ्यांना नेत नाही. वालधुनीच्या काठच्या त्या काळ्या दगडावर एकही जागा मोकळी सोडलेली नाही, आणि त्यावरच्या कोरीव कामावरून डोळा फिरवायला सबंध सकाळ लागते. शिवाय गाभारा मंडपाच्या खालच्या पातळीवर असल्यामुळे पायऱ्या उतराव्या लागतात, त्या गुडघे दुखणाऱ्याला झेपत नाहीत. ज्याला पाहण्याची असोशी आहे त्यालाच तिथे न्यावे.

आता ज्यांच्याविषयी लिहावे म्हणून ही लेखणी हाती घेतली, त्या पाहुण्यांकडे वळतो. या महानगरात येणारा प्रत्येक जण सहलीसाठी येत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येत आहेत. आणि मराठवाड्या-विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांची मुंबईशी पहिली ओळख ही अशी, हातात तपासण्यांची कागदपत्रे घेऊनच होते. एक तपासणी आज, तिचा निकाल तीन दिवसांनी, त्यानंतरची तारीख पुढच्या आठवड्यात. मधले दिवस रिकामे, आणि त्या रिकाम्या दिवसांत माणसाने काय करावे हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते. आमच्या नात्यातली एक आत्या अशीच पतीच्या उपचारांसाठी कोलशेतला मुक्कामी होती. दिवसभर खिडकीशी बसून ती समोरच्या उंच इमारतींचे मजले पाहत राही. कुठे बाहेर जाऊया का, असे सुचवले, तेव्हा तिने पदर सावरून एवढेच म्हटले, ‘‘नको रे बाबा. दुखण्याला आले अन् मुंबई हिंडून गेले, असं लोक म्हणतील.’’

या वाक्यापुढे यजमानाने गप्प बसू नये, असे मला वाटते. आजारी माणसाची सोबत करणाऱ्याला सहलीची परवानगी कोणी देत नाही, आणि तो स्वतःला तर मुळीच देत नाही. पण ज्याला रात्रंदिवस धीर धरायचा आहे, त्याच्या धीरालाही विसाव्याची गरज आहेच. अशा पाहुण्यासाठी आखलेला बेत घरापासून लांब नसावा. घरून निरोप आला तर तासाभराच्या आत परतता यावे इतकेच त्याचे अंतर असावे. त्याला सहल म्हणू नये. देवदर्शन म्हणावे, भाजी आणायला जाऊ म्हणावे. बरोबर फार माणसे नकोत, छायाचित्रे काढणारी तर नकोतच. आणि बोलण्याचा आग्रह नको.

‘‘आत्या, पाय मोकळे करायला जरा खाडीपर्यंत येतेस का?’’ एवढ्यावर ती यायला तयार झाली. तिथी षष्ठी होती, दिवस कलला होता आणि पाणी चढत होते. कोलशेतचा धक्का म्हणजे काही नामांकित स्थळ नव्हे. एके काळी या वाटेवर सँडोजसारखे रासायनिक कारखाने होते, खाडीतली रेती काढणारी यंत्रे होती; आता वाटेत उंच वसाहती आहेत, २०२४ च्या फेब्रुवारीत खुले झालेले वीस एकरांचे विस्तीर्ण उद्यान आहे, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे जुने गावठाण, होड्या, वाळत घातलेली जाळी. गणपतीत इथेच विसर्जनाला गर्दी लोटते. पलीकडचा काठ भिवंडी तालुक्याचा. आत्याने पाण्याच्या चढत्या रेषेकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘हे समुद्राचंच पाणी का?’’

‘‘हो, वसईहून आत आलेलं.’’

‘‘मग हे उलटं कसं वाहतं? आमची गंगा तर एकाच अंगाला जाते.’’

गंगाखेडच्या तीरावर जिचे बालपण गेले, आणि जिच्या लेखी गोदावरी हीच गंगा, तिला नदीचे पाणी दिवसातून दोनदा मागे फिरते ही गोष्ट सर्वस्वी नवी होती. चंद्राचे, तिथीचे, पाऊणपटीचे सगळे गणित मी तिला सांगितले. तिने बोटांवर हिशेब करून दुसऱ्या दिवशीची वेळ आपणहोऊन काढली. त्यानंतर जितके दिवस ती इथे होती, तितके दिवस रुग्णालयाच्या तारखांबरोबरच भरतीची वेळही तिच्या तोंडी असे, आणि एकदा तर तिने पतीलाही हाताला धरून धक्क्यावर आणले. घारापुरी, गेटवे, चौपाटी यांतले तिने काहीच पाहिले नाही. पण ती मुंबईला येऊन काहीच न पाहता गेली, असे मी कोणाला म्हणू देणार नाही.

याच पाण्याविषयी एक मागणे आहे. वसईपासून ठाणे-कल्याणपर्यंतचा हा जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे आणि कोलशेत, काल्हेर, डोंबिवली इथल्या धक्क्यांची नावे सरकारी आराखड्यांत वारंवार येत राहिली आहेत. मालाची आणि चाकरमान्यांची वाहतूक व्हायची तेव्हा होवो; त्याआधी पंधरवड्यातून एकदा पाहुण्यांसाठी म्हणून एक बोट इथून सुटावी. तृतीयेच्या दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास चढत्या पाण्याबरोबर निघावे, काल्हेर मागे टाकावे, कशेळीच्या पुलाखालून, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याने आणि डोंबिवलीच्या मोठागावच्या काठाने कल्याणला जावे. १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवछत्रपतींनी जिथे आरमाराची मुहूर्तमेढ रोवली, त्या दुर्गाडीवर देवीचे दर्शन घ्यावे, आणि पाणी उतरू लागले की त्याच्याच ओढीने दिवस असेतो घरी परतावे. बोटीवर सावली असावी, चढायला कठडा असलेल्या पायऱ्या असाव्यात, दोन्ही धक्क्यांवर प्यायचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे, आणि तिकीट इतके स्वस्त असावे की परळहून पुढची तारीख घेऊन आलेल्या माणसाला ते काढताना दुसऱ्यांदा विचार करावा लागू नये.