पदवीचा कस

पदवीची किंमत उतरली, हें रडगाणें आपल्या समाजांत फार दिवसांचें आहे. लग्नाच्या पंगतींत कोणी ‘मुलगा बी. ए. झाला’ असें सांगावें आणि शेजारच्या पानावरून ‘हल्लीं कोणीही होतो’ असा शेरा यावा, हें आतां ठरून गेल्यासारखें आहे. असा शेरा ऐकून मान डोलविणारांत आम्हीही होतों. ती मान पुढें खालीं कां घालावी लागली, तें सांगण्यासाठींच हा लेख.

दर्जा राखावयाचा म्हणजे दारावर कडक पहारा ठेवावयाचा, ही आपली समजूत जुनी आहे आणि तिला इतिहासाचा थोडा आधारही आहे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावें कॉलेजांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें, अशी वांटणी होती. १८६२ सालीं त्या विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत आमच्या जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. पदवीधर म्हटला कीं तो रानड्यांच्या मापाचा असावा, अशी अपेक्षा तेव्हांपासून आपल्या मनांत बसली. मात्र त्या काळीं दारापर्यंत पोहोंचणारेच थोडे होते, हें आपण विसरतों. गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ सालीं नाशकांत कॉलेज काढलें, तेव्हां कोठें येथील मध्यम स्थितींतल्या मुलास घरची भाकरी खाऊन पदवीचा अभ्यास करणें शक्य झालें.

पुढें १९८९ सालीं याच नाशकांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हें त्याचें ब्रीद. बारावी न झालेल्यासही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीकडे वळतां येईल, अशी सोय त्यानें केली. तेव्हां ‘आतां दर्जाचें काय?’ असें पुष्कळांनीं विचारलें. आम्हीही विचारलें. पण सराफबाजारांतील सराफ दागिना कोणत्या घरून आला हें पाहत नाहीं; तो कसोटीवर घासून पाहतो. प्रवेश सोपा केल्यानें कस उतरत नाहीं, न घासतां भाव ठरविल्यानें उतरतो. लंडन विद्यापीठानें तर १८५८ पासूनच कॉलेजांत न गेलेल्यांस आपल्या परीक्षेस बसूं दिलें होतें. शिवाय दूरशिक्षणांतील पाठ छापील असतो. त्यांतील चूक कोणासही दाखवितां येते आणि पुढच्या आवृत्तींत दुरुस्त होऊं शकते. वर्गाच्या चार भिंतींत आम्ही काय शिकवितों आणि काय तपासतों, हें पाहण्यास मात्र सहसा कोणी येत नाहीं.

हें आम्हांस पटलें तें विचार करून नव्हे, ठेंच लागून. कांहीं वर्षांपूर्वीं शहरांतील एका कॉलेजांत आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्गाला मराठी शिकवीत होतों. प्रत्येकानें एक निबंध लिहावा आणि त्यास आम्हीं वीसपैकीं गुण द्यावे, असा नियम. बाहत्तर निबंध आले. पहिले आठ-दहा एकाच गाइडांतून उतरलेले दिसतांच आमचा धीर सुटला. गुणांचा तक्ता सोमवारीं द्यावयाचा होता. आम्हीं उरलेले न वाचतांच प्रत्येकावर तांबडी खूण केली आणि पंधरा-सोळा गुण मांडून मोकळे झालों.

मंगळवारीं एक विद्यार्थिनी आली. द्राक्षांच्या हंगामांत पॅकिंगच्या शेडमध्यें काम करून ती शिकत होती. ‘‘सर, माझा निबंध तुम्ही वाचलात का?’’ तिनें विचारलें. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर तिनें लिहिलें होतें. दोन शब्दांचा अर्थ कोशांत सांपडला नाहीं, म्हणून समासांत दोन प्रश्न लिहून ठेवले होते. त्या प्रश्नांशेजारीं आमची तांबडी खूण होती. ‘‘गुण वाढवा म्हणून नाहीं आले. ते शब्द मीं बरोबर ऐकले का, एवढेंच विचारायचें होतें.’’

त्या रविवारीं आम्हीं बाहत्तरही निबंध वाचले. स्वतःच्या बुद्धीनें लिहिलेले अकरा निघाले. या अकरांस आणि गाइडांतून उतरविलेल्या एकसष्टांस आम्हीं एकच भाव दिला होता. तक्ता गेला होता. गुण बदलतां आले नाहींत. तिच्या दोन शब्दांपैकीं एकाचाच अर्थ आम्हांस सांगतां आला. दुसरा तिच्याच आजीस पुन्हां विचारून ये, असें सांगावें लागलें.

उच्च शिक्षणाचे दर्जे ठरविण्याचें व राखण्याचें काम १९५६ च्या कायद्यानें विद्यापीठ अनुदान आयोगाकडे सोंपविलें. १९९४ सालीं कॉलेजांचें मूल्यमापन करणारी ‘नॅक’ ही परिषद निघाली. त्यानंतर समित्या येऊं लागल्या, फाइली तपासूं लागल्या, श्रेणी देऊं लागल्या. हें सारें व्यर्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं; त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं ग्रंथालयें व प्रयोगशाळा सुधारल्या असतील. परंतु आमचा तक्ता त्या फाइलींत निर्दोष दिसला असता. बाहत्तर नांवें, बाहत्तर गुण, वेळेवर सही. न वाचलेला निबंध कोणत्याच फाइलींत दिसत नाहीं.

तेव्हांपासून आम्ही निबंध थोडे मागवितों. पण प्रत्येकावर निदान दोन ओळी स्वतःच्या हातानें लिहितों. त्यास वेळ लागतो आणि तक्ता क्वचित् उशिरां जातो. पंगतींत तो नेहमींचा शेरा अजूनही कानांवर येतो. आतां आम्ही मान डोलवीत नाहीं. बाहत्तर पदव्यांची किंमत एका संध्याकाळीं कोणीं उतरविली, हें आम्हांस ठाऊक आहे.