बालपणापासूनचा आजार

विमा कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मथितार्थ एवढाच: हा विषाणू आपल्या शरीरात बालपणापासून असल्याचं रुग्णाने स्वतःच सांगितलं आहे, सबब हा पूर्वीपासूनचा आजार, सबब दावा नामंजूर. त्यावर तारीख आहे, शिक्का आहे, आणि खाली 'आपल्या उत्तम आरोग्याची कामना'सुद्धा आहे.

आजाराचं भराभर सांगतो. रक्ताचा कॅन्सर निघाला, केमो झाल्या, धाकट्या बहिणीशी एचएलए, म्हणजे पेशींची ओळखखूण, पूर्ण जुळलं आणि पुण्यात स्टेम सेल प्रत्यारोपण झालं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिल्या तेव्हा सिस्टर दारातूनच ओरडल्या, "काका, काउंट आला!" बायको पेढे आणायला निघाली होती. डॉक्टरांनी तिला थांबवलं. म्हणाले, काउंट आला म्हणजे प्रतिकारशक्ती आली असं नव्हे. न्यूट्रोफिल पुढे धावतात. विषाणूंना आवरणाऱ्या टी पेशींना सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं. पन्नाशीत तर जास्तच, कारण त्यांची तालीम जिथे होते ती थायमस ग्रंथी तोवर आक्रसलेली असते. त्यातून बहिणीच्या पेशींनी माझ्याच अंगावर उठू नये म्हणून सायक्लोस्पोरिन चालू. म्हणजे ज्या थोड्या टी पेशी आहेत, त्यांचेही हात बांधलेले.

याच काळात सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, डोकं वर काढतो. भारतातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो असतोच. लहानपणी लाळेतून, उष्ट्यातून येतो, एखाद्या तापात निभावतो आणि मग जन्मभर मुकाट पडून राहतो. प्रत्यारोपणाआधीच्या तपासणीत आम्ही बहीण-भाऊ दोघेही पॉझिटिव्ह निघालो, तेव्हा डॉक्टरांना बरंच वाटलं होतं. दात्याच्या टी पेशींना हा विषाणू आधीपासून ठाऊक असेल तर ती ओळख त्यांच्यासोबत माझ्यात येणार. दाता निगेटिव्ह आणि रुग्ण पॉझिटिव्ह असला, तर धोका अधिक. "दादा, तुझं उष्टं खाल्लं ते आता कामाला आलं बघ," बहीण म्हणाली होती.

दर आठवड्याला पीसीआर व्हायची. एका आठवड्यात आकडा चढला. ताप नाही, खोकला नाही, तरी लगेच भरती. वाट बघत बसलं तर फुप्फुस, आतडं, डोळा, कुठेही घुसतो म्हणे. गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून, दिवसातून दोनदा. हे औषध विषाणूला दाबता दाबता मज्जेलाही दाबतं, त्यामुळे एवढ्या मिनतवारीने आलेला काउंट पुन्हा घसरला. दुसरं औषध फोस्कार्नेट, पण ते मूत्रपिंडाला जड. मग काउंट वाढवायची इंजेक्शनं घेत पहिल्यावरच राहिलो.

त्या भरतीत कंपनीचा चौकशीचा तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, मास्क हनुवटीवर. बायकोने त्याला मास्क वर ओढायला लावला. त्याने विचारलं, "सर, हा व्हायरस कधीपासून आहे?" मी विज्ञानाचा मास्तर. मी म्हटलं, "बालवाडीच्याही आधीपासून असेल. तुमच्याही अंगात बहुधा असेल." त्याने खुर्ची दोन वीत मागे सरकवली आणि पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं लिहिलं नाही.

बायको अजून म्हणते, "अहो, त्याला काय शिकवत बसलात?" मी काही चुकीचं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. प्रश्न सरळ होता, उत्तर खरं होतं. विम्याच्या नियमात पूर्वीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसीआधीच्या ठरावीक वर्षांत डॉक्टरने निदान केलेला किंवा ज्यावर उपचार झालेले असा आजार. माझी सीएमव्हीची पहिली चाचणीच कॅन्सर निघाल्यावर झाली, पॉलिसी त्याच्या आधीची. कंपनीचाच तर्क लावला तर लहानपणी कांजिण्या झालेला प्रत्येक माणूस नागिणीचा जुना रोगी ठरतो, कारण तो विषाणूही चेतापेशींच्या गाठींत आयुष्यभर दबा धरून असतो. मग कांजिण्या न झालेल्यांनाच विमा विका की! आणि प्रत्यारोपण हे प्रकरण काही कालपरवाचं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली झालं. एवढ्या वर्षांत कंपनीत बसलेल्या एकाही डॉक्टरला सीएमव्ही माहीत नसेल, हे मला पटत नाही. रुग्णालयाने जे नशीब म्हणून मोजलं, ते कंपनीने जुना आजार म्हणून मोजलं.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. तिथून तेच पत्र नव्या तारखेने आलं. मग विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी जरूर करावा. डिस्चार्ज कार्डावर 'प्रत्यारोपणामुळे उद्भवलेली गुंतागुंत' असं स्पष्ट लिहून घ्यावं. खरं तर डॉक्टरने कारकुनासाठी का लिहावं, हाही प्रश्नच आहे. पण लिहून घ्यावं.

पैसे मिळाले, हातमोजे नि मास्कचे वजा करून. तोवर पीसीआर निगेटिव्ह आली होती, सायक्लोस्पोरिन उतरत होतं आणि मी लहान बाळांच्या रांगेत बसून लसी नव्याने टोचून घेत होतो. जुन्या लसींची आठवण जुन्या मज्जेबरोबर पुसली जाते. गोवरासारख्या जिवंत लसी तर दोन वर्षांनंतरच. जिंकल्याचा आनंद मात्र झाला नाही. खरं सांगायचं तर भांडण चालू होतं तेव्हाच मला बरं वाटत होतं. रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप लागायची नाही, तेव्हा उठून अर्जाचा मसुदा करायचो. माझा राग विषाणूवर काढता येत नव्हता, कंपनीवर येत होता. म्हणून कुणी फोन करून विचारलं, लढू का, तर मी कधी हो म्हणतो, कधी म्हणतो आधी बरे व्हा.

त्या पत्राच्या दिवशी मी शपथ घेतली होती की या कंपनीला पुन्हा एक रुपया देणार नाही. गेल्या महिन्यात नूतनीकरणाचा हप्ता भरला, त्यांनाच. ल्युकेमिया झालेल्या माणसाला दुसरी कोणती कंपनी दारात उभं करणार?