दादाचे अकरा डाव

एज ऑफ एम्पायर्स या संगणकीय खेळाचा दुसरा भाग १९९९ साली निघाला आणि त्याची द कॉन्करर्स ही पुरवणी २००० साली. अमेरिकेतील डॅलस येथील एन्सेम्बल स्टुडिओज या संस्थेने तो रचला व मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला. मध्ययुगातील एखादे राष्ट्र निवडायचे, मूठभर गावकरी आणि एक हेर एवढ्या भांडवलावर वस्ती उभारायची, लाकूड, धान्य, सोने व दगड जमवायचे आणि मग शेजाऱ्याशी लढायचे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम. ज्या वाचकांच्या घरी त्या काळी मुले वाढत होती, त्यांना तो आठवत असेल. ज्यांना आठवत नाही, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की निरनिराळ्या देशांत बसलेल्या माणसांना तो एकाच वेळी, एकमेकांशी खेळता येत असे. आमच्या कुटुंबाला त्याचे जे मोल वाटले ते यामुळेच.

आमचा दादा २००१ साली कुवेतला नोकरीस गेला. मागे वसईच्या वाडीत आई, बाबा आणि आम्ही धाकटी दोघे भावंडे राहिलो. परदेशी फोन तेव्हा महाग, पत्र पोचायला पंधरवडा. दादा पहिल्या रजेवर आला तो संगणक घेऊनच. जाण्यापूर्वी त्याने त्यात हा खेळ भरला आणि दर शुक्रवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघांनी एक डाव खेळायचा असे ठरवून दिले. प्रायश्चित्तकाळात मात्र शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची भक्ती असे, म्हणून डाव रात्री जेवणानंतर होई. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने दादाची त्याबद्दल तक्रार नव्हती. मोडेम किरकिरून जोडला गेला की घरचा फोन तासभर अडकून पडे आणि दुसऱ्या दिवशी मामा विचारी, 'काल तुमच्याकडे कोणी वारले की काय?'

डावात दादा नेहमी बायझंटाईन घेई. लढाईकडे त्याचे फारसे लक्ष नसे. या खेळात मठ बांधता येतो आणि मठातील भिक्षू नकाशावर विखुरलेले पवित्र अवशेष उचलून आणतात. दादा आधी ते जमवी आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात रोमन अक्षरांत, पण आपल्या बोलीत, चौकश्या सुरू करी. केळीला पाणी दिले का, मोटार दुरुस्त झाली का, आईचे गुडघे कसे आहेत. बाबा आमच्या मागे खुर्ची टाकून बसत व उत्तरे सांगत. आम्ही ती टंकत असू, आणि तेवढ्यात आमची तटबंदी कोणीतरी फोडलेली असे.

इथे या खेळाच्या रचनेविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. तो रचणाऱ्यांपैकी पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली एका लेखात या मालिकेच्या जोडणीची पद्धत उलगडून दाखवली. सेकंदाला २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून दीड हजार धनुर्धाऱ्यांची हालचाल कळवणे अशक्य होते. म्हणून त्यांनी ती कळवलीच नाही. प्रत्येक संगणक संपूर्ण लढाई स्वतःच्या पोटात स्वतंत्रपणे खेळतो. तारेवरून जातात त्या फक्त माणसांच्या आज्ञा. 'हा गावकरी त्या झाडाकडे', एवढेच. दिलेली आज्ञा थोडी पुढच्या पाळीसाठी राखून ठेवतात, म्हणजे ती सर्वांकडे पोचून एकाच क्षणी अमलात येते. नशिबाचे फासेसुद्धा सगळ्या यंत्रांत सारखेच पडावे लागतात. कुठे केसभर अंतर पडले तर यंत्रे एकमेकांशी बेसूर होतात आणि डाव थांबतो.

डाव नोंदवून ठेवण्याची सोयही याच तत्त्वावर आहे. नोंदीच्या फायलीत चित्रे नसतात. आरंभीचा नकाशा, त्यानंतरच्या आज्ञा आणि खेळाडूंचे बोलणे, इतकेच असते. फाईल उघडली की यंत्र तो डाव पुन्हा पहिल्यापासून खेळते. साहजिकच त्यासाठी खेळाची नेमकी तीच आवृत्ती लागते; दुसऱ्या आवृत्तीत त्याच आज्ञा भलतीकडे लागू पडतात.

दादाने आग्रहाने नोंदवायला लावलेले अकरा डाव आमच्या संगणकात होते. खेळाडूंची गाठ घालून देणारी मायक्रोसॉफ्टची झोन ही सेवा या खेळासाठी २००६ साली बंद झाली आणि आमचे शुक्रवार हळूहळू फोनवर गेले. दादा २००९ साली कायमचा परत आला. २०१२ साली तो गेला. बाबा त्याच्या आधीच गेले होते.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीला मिळणारी सुधारणांची शिदोरी थांबली, तेव्हा आम्ही खेळ विंडोज ७ च्या यंत्रावर चढवून पाहिला. तो सुरू झाला, पण नदी जांभळी आणि गवत तांबडे. या खेळाला एका वेळी फक्त २५६ रंगांची यादी ठाऊक आहे. ती यादी तो यंत्रणेकडे देतो आणि नव्या यंत्रणेचा पडदा मध्येच तिच्यात आपले रंग घुसवतो. उपाय असा की आधी पडदा सांभाळणारा एक्स्प्लोरर बंद करायचा आणि मग खेळ उघडायचा. घरमालकाला बाहेर बसवून पाहुण्याने जेवावे तसा हा प्रकार. विंडोज ८ पासून आणखी एक अडचण आली: खेळाडूंना जोडणारा डायरेक्टप्ले हा जुना भाग यंत्रणेत निजवून ठेवलेला असतो, तो 'लेगसी कंपोनंट्स' या यादीत जाऊन उठवावा लागतो. शिवाय त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांना सेफडिस्क नावाचे कुलूप असे, आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने सुरक्षिततेच्या कारणास्तव त्याची किल्लीच टाकून दिली. याला आम्ही दोष देत नाही. यंत्रणा बनवणाऱ्यांनी आमच्या अकरा फायलींसाठी चोराला वाट का ठेवावी?

खेळाची नवी, देखणी आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली आहे, ती नव्या यंत्रांवर सुरेख चालते. पोर्तुगीज राष्ट्र मालिकेत २०१५ सालीच आले होते आणि त्याच्या मोहिमेचा नायक आहे फ्रान्सिस्को द आल्मेदा. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके पोर्तुगिजांच्या अमलात काढलेल्या वसईच्या माणसाला ते पाहून गंमत वाटते. पण ही नवी आवृत्ती दादाच्या फायली उघडत नाही.

त्याच वर्षी जुना संगणक निमाला. सुदैवाने त्याची हार्ड डिस्क शाबूत होती. आमच्या भाच्याने तिची जशीच्या तशी प्रत काढली आणि नव्या यंत्राच्या आत एक काल्पनिक यंत्र उभे करून तिच्यात ती बसवली. आतल्या एक्सपीला वाटते की आपण अजून २००५ सालच्याच लोखंडात आहोत. त्याने कळ दाबली आणि पडद्यावर प्रथम आले ते दादाने रजेवर असताना लावलेले आई-बाबांच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचे छायाचित्र. खेळ उघडायला त्या दिवशी अर्धा तास उशीर झाला.

आईला संगणकातले काही कळत नाही. तरी ती जपमाळ बाजूला ठेवून बसली. नोंद पाहताना कोणत्याही खेळाडूच्या बाजूने पाहता येते. आम्ही दादाची बाजू लावली. निळे गावकरी झाडाकडे निघाले, मेंढ्या वाड्याजवळ आल्या, हेर नकाशा उजळीत फिरू लागला. हे चित्रपटासारखे चित्रित केलेले नव्हते. त्याने दिलेल्या आज्ञा यंत्र आता, आमच्या समोर, पाळत होते. ओळी उमटतील तशा आम्ही वाचून दाखवत होतो. मोटारीची चौकशी आली तेव्हा आई म्हणाली, 'सांग त्याला, झाली म्हणून.' मग तिने विचारले, 'हे मागे नेता येते का रे?' येत नाही. पुढे पळवता येते, थांबवता येते. मागे जायचे तर पहिल्यापासून सुरू करावे लागते. 'मग पळवू नका,' ती म्हणाली.

दादाची मुलगी मेलबर्नला शिकते. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिला आम्ही फायली पाठवल्या. त्या इतक्या लहान असतात की ईमेलने सहज जातात. जुना खेळ, १.०सी ही दुरुस्ती, उठवलेला डायरेक्टप्ले आणि रंग सांभाळणारी एक छोटी फाईल, एवढे सारे तिने आपल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर दोन रात्री खपून जमवले. आमच्याकडे झाली तीच लढाई तिच्याकडेही झाली, तसूभर फरक न पडता.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सातव्या डावात, बत्तिसाव्या मिनिटाला, बाबांचे गावकरी नुसतेच उभे राहतात. असे का, हे तिला विचारायचे होते. आम्ही तो डाव पुन्हा लावला. तारीख डिसेंबर २००४ ची, आणि कोपऱ्यात ओळ होती, 'थांबा, बाळ रडते आहे.' ती त्या वेळी महिन्याची होती. त्यानंतर सहा मिनिटे दादाची एकही आज्ञा नाही. आमचे सैन्य त्याच्या वेशीपर्यंत येऊन तिथेच थांबलेले दिसते.

ती ओळ आपण आधीच वाचली होती, असे तिने मग सांगितले. तिला आमच्या तोंडून ऐकायचे होते.

अकरापैकी दोन डाव ती दुरुस्ती चढवण्यापूर्वीचे आहेत. त्यांच्यासाठी मूळ आवृत्तीचा वेगळा फोल्डर करावा लागेल. नाताळात भाचा घरी येईल तेव्हा ते काम हाती घ्यायचे ठरले आहे, आणि त्या वेळी मेलबर्नलाही फोन लावायचा आहे.