इतर औषधे : निल

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षं काढली की एक सवय लागते. रकाना रिकामा सोडायचा नाही. माहिती नसली तर ‘निल’ लिहायचं आणि फाईल पुढे ढकलायची. या सवयीचा त्रास माझ्या भाचीला झाला, म्हणून हे लिहितोय.

भाची सत्तरीची. कॉलेजसाठी फोंड्याला आमच्याकडे राहते. सोळाव्या वर्षापासून तिला फीट यायची. सुरुवातीला कांदा हुंगवणं, देवळात कौलप्रसाद, सगळं झालं. मग डॉक्टरांनी लॅमोट्रिजीन सुरू केलं आणि पुढची अडीच वर्षं काही त्रास नव्हता. पोरीनं स्कूटर शिकायचा हट्टही धरला होता.

आणि एके दिवशी सकाळी न्हाणीघरात फीट आली. पंधरा दिवसांनी पुन्हा, या वेळी बसस्टॉपवर. बहीण धावत आली. “बाये, गोळ्या चुकवल्यास गो?” पोरीनं रडत पाकीट पुढे केलं. आम्ही मोजलं, एकही गोळी जास्तीची उरली नव्हती. तरी बहिणीचा विश्वास बसेना. मुलगी गोळ्या खात नाही, खिडकीतून टाकते, इथवर तिची मजल गेली.

इस्पितळात फॉर्म मी भरला. ‘सध्या चालू असलेली इतर औषधे’ या रकान्यात मी लिहिलं : निल.

खरं सांगायचं तर मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी सुई शोधताना शिलाई मशीनच्या खणात एक पाकीट दिसलं होतं, अठ्ठावीस गोळ्यांचं. पाकीट कसलं ते मला कळलं, लहानपणी दूरदर्शनवर माला-डीच्या जाहिराती पाहिलेली आमची पिढी. मी खण बंद केला. पाळी अनियमित म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी त्या गोळ्या भाचीला दिल्या होत्या, माझी बायको सोबत गेली होती. पण ‘कुटुंबनियोजनाची गोळी’ लग्नाच्या मुलीला, हे बहिणीच्या कानी जाऊ नये म्हणून खणात. आणि फॉर्म भरताना बहीण माझ्या शेजारी उभी!

डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि भाचीला एकटीला विचारलं. पाच मिनिटांत उलगडा झाला.

नंतर त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी आर्ट्सवाला, मला जेवढं कळलं ते असं. औषध शरीराबाहेर काढायचं काम बहुतांशी यकृतातली एन्झाइम्स करतात. आमच्या जावक टेबलावरचे कारकूनच म्हणा ना. लॅमोट्रिजीनची फाईल ज्या कारकुनाकडे, त्याला गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल दुप्पट वेगानं कामाला लावतं. फाईल येते न येते तोच बाहेर! रक्तातलं औषध जवळजवळ निम्म्यावर येतं. पाकिटातल्या २१ गोळ्या संपल्या, शेवटच्या सात बिनहार्मोनच्या सुरू झाल्या, की कारकून पुन्हा सुस्तावतो आणि औषध वर चढतं. म्हणजे पोरगी रोज नेमानं तेवढीच गोळी घेत होती, पण रक्तातलं प्रमाण दर महिन्याला खालीवर होत होतं.

गंमत म्हणजे दुसऱ्या टेबलावर हीच गोळी उलटं करते. चहा-कॉफीतलं कॅफीन काढणारं एन्झाइम ती मंदावते, त्यामुळे कॅफीन अंगात सुमारे दुप्पट वेळ रेंगाळतं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही फीटची जुनी औषधं किंवा क्षयावरचं रिफाम्पिसिन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळीच लवकर बाहेर पडते आणि नको असताना दिवस राहतात. गोळी नसली तरी बाईचं आणि पुरुषाचं यकृत एकाच वेगानं चालतं असं नाही. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून सावकाश जाते. अमेरिकेत तिला १९९२ मध्ये मंजुरी मिळाली, पण बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला २०१३ उजाडलं. इतकी वर्षं सकाळी गाडी चालवताना पेंगणाऱ्या बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! आमच्या बहिणीनं नाही का खिडकीपर्यंत मजल मारली?

असो. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. हार्मोनच्या गोळ्या बंद करून पाळीसाठी दुसरा उपाय सुरू झाला, आणि फीट थांबल्या. बहीण आठवडाभर बायकोशी बोलली नाही. माझ्याशी मात्र बोलत होती, कारण खणाची गोष्ट मी तिला सांगितलेलीच नव्हती. ती भाचीनं सांगितली.

यंदा चतुर्थीच्या आधी शेजारची वहिनी आली. दर वर्षीप्रमाणे पाळी पुढे ढकलायची गोळी हवी होती. बायकोशी दारातच कुजबुज चालली होती. तीही हार्मोनचीच गोळी, पण तिला औषध कोण म्हणतो? भाची आतून बाहेर आली आणि मोठ्यानं म्हणाली, “वहिनी, अगोदर सांग, तुला दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी अशा वेळी उठून मागल्या दारी जातो. या खेपेला पेपर घडी करून ठेवला आणि बसून राहिलो.

“ब्लडप्रेशरची एक,” वहिनी म्हणाली, “आणि आणखी एक आहे. थांब, पाकीट घेऊन येते.”