बिग लीग

गेल्या दिवाळीत चिरंजीवांचा न्यूयॉर्कहून फोन आला. "बाबा, पोचलो एकदाचा बिग लीगमध्ये!"

"म्हणजे पगार किती वाढला रे?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न व्यवहाराचा होता. मी मात्र त्या शब्दाच्या मागे लागलो. निवृत्त शिक्षकाला दुसरा उद्योग तरी काय असतो!

शब्द बेसबॉलचा निघाला. अमेरिकेत १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली आणि १९०१ पासून अमेरिकन लीग तिच्या बरोबरीने मोठी मानली जाऊ लागली. बाकीच्या लीग धाकट्या. आज मोठ्या लीगमध्ये संघ ३० आणि दर संघात खेळाडू २६; म्हणजे जागा अवघ्या ७८०! धाकट्या लीगमधली शेकडो पोरे बसमधून गावोगाव हिंडत वरच्या बोलावण्याची वाट पाहत असतात. म्हणूनच वकील असो की नट, आपल्या धंद्यात शिखरावर पोचला की अमेरिकन माणूस म्हणतो, बिग लीग गाठली!

पण तिथे वर चढवतात, तसे खालीही उतरवतात. आषाढात एका रात्री पुन्हा फोन वाजला. तिकडे भर दुपार असणार. "बाबा, कंपनीनं माणसं कमी केली. त्यात मीही."

मला काय बोलावे सुचेना. आठवला तो आर्चिबाल्ड ग्रॅहॅम. शब्दाच्या शोधातच हा गृहस्थ मला भेटला होता. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला सामना संपता संपता मैदानात उतरवले. आता फलंदाजीची पाळी त्याची, तोच डाव आटोपला! मोठ्या लीगमधला त्याचा तो पहिला आणि शेवटचा सामना. पुढे तो डॉक्टर झाला. मिनेसोटातल्या चिशम या खाणींच्या गावात शाळेच्या मुलांची प्रकृती तपासता तपासता म्हातारा झाला आणि १९६५ साली वारला. १९८९ च्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स' चित्रपटाने त्याला जगप्रसिद्ध केले. चिशमला मात्र तो आपला डॉक्टर म्हणून केव्हाच ठाऊक होता.

हे सारे मी फोनवर सांगितले. चिरंजीव गप्प. मास्तरकी जरा जास्तच झाली, असे वाटून मी ओशाळलो. मग तो हळूच म्हणाला, "त्याला वाईट नसेल वाटलं, बाबा?"

"वाटलं असणारच रे. पण सकाळी दवाखाना उघडायचा असतो ना!"

"आईला द्या फोन."

या वेळी सौभाग्यवतींनी पगार विचारला नाही.

"जेवलास का रे?" एवढेच म्हणाल्या.