नवा ड्रायव्हर

“आम्ही ड्रायव्हर बदलला,” असे एकदा कचेरीत बोलता बोलता आमच्या तोंडून निघून गेले. समोर खानापूरकडील एक वृद्ध पक्षकार बसले होते. त्यांनी कळवळून विचारले, “जुन्यानं काय केलं होतं हो, वकीलसाहेब?” आमची मोटार आम्हीच चालवतो, आणि आम्ही म्हणत होतो तो ड्रायव्हर म्हणजे गोल्फच्या खेळातील सर्वांत लांब काठी, हे त्यांना समजावून देईपर्यंत त्यांच्या दाव्याचे कागद तसेच उघडे राहिले. ते हसले आणि गेले. त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला. कोणालाही कामावरून दूर करताना प्रथम हाच प्रश्न विचारावयास हवा, आणि इतकी वर्षे वकिली करूनही आम्ही तो विचारला नव्हता.

या खेळाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे १४ पर्यंत क्लब बाळगता येतात. त्यांपैकी बहुतेकांचे काम चेंडू नेमक्या जागी पोचवण्याचे. ड्रायव्हरचे काम तो होईल तितका दूर धाडण्याचे. जमिनीत रोवलेल्या टी नावाच्या इवल्याशा खुंटीवर चेंडू ठेवायचा आणि पहिला टोला हाणायचा. हा टोला चारचौघांदेखत मारावा लागतो. त्यामुळे गुण तेराव्या काठीने वाढत असले तरी अब्रू या पहिल्या काठीत गुंतलेली असते.

आमचा जुना ड्रायव्हर आम्हांला अण्णांनी दिला होता. अण्णा म्हणजे ज्यांच्या हाताखाली आम्ही वकिली शिकलो ते आमचे ज्येष्ठ. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर त्यांनी खेळ सोडला आणि एके दिवशी ती काठी आमच्या हाती देत ते म्हणाले, “हा खोटं बोलत नाही. जपून वापर.” तिचे डोके लाकडाचे, पर्सिमन नावाच्या अमेरिकी झाडाचे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले. टेंभुर्णीच्या पानात विडी वळली जाते, हे निपाणीच्या माणसास सांगावयास नको. तंबाखूच्या व्यापारातले आमचे एक निपाणीकर स्नेही सुमारे ७५ किलोमीटर मोटार हाकत आमच्याबरोबर खेळावयास येतात. ही सोयरीक ऐकून ते म्हणाले, “म्हणजे आमच्या विडीच्या पानाचाच भाऊ की हा! तरीच तुमचा चेंडू धुरासारखा वाकडातिकडा जातोय.”

पावसाळ्यात त्या काठीच्या मानेवर गुंडाळलेला दोरा सैल होई. मग आम्ही कोपऱ्यावरच्या चांभाराकडून मेण लावलेला नवा दोरा घट्ट आवळून घेत असू. चेंडू बरोबर मध्यावर बसला की हाताला काहीच जाणवत नसे, जणू लोण्यातून सुरी जावी. आणि अर्धा इंच इकडेतिकडे झाले की मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येत. अण्णा म्हणत ते खरेपण हेच.

बदलाचा विचार मनात आला तो एका बिबट्यामुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या जाधवनगरात बिबट्या दिसला आणि पुढे त्याने गोल्फच्या मैदानाच्या झाडीत ठाण मांडले. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शोधासाठी शिवमोग्याजवळील सक्रेबैल येथील शिबिरातून हत्ती आणण्यात आले. मैदान असे वनखात्याच्या ताब्यात असताना आम्ही घरात बसून नव्या ड्रायव्हरांच्या जाहिराती वाचीत राहिलो. रिकाम्या मनाला वाचनासारखे व्यसन नाही. बिबट्या अखेर हाती लागला नाही. आम्ही मात्र जाहिरातींच्या पिंजऱ्यात अलगद सापडलो.

मनाची समजूत घालण्यासाठी आम्ही इतिहासाचा आधार घेतला, कारण पूर्वनिर्णयाचा दाखला मिळाल्यावाचून वकिलाचे मन पुढे सरकत नाही. दाखले भरपूर निघाले. पूर्वी गोल्फचा चेंडू कातड्यात पिसे ठासून बनवीत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला. सेंट अँड्रूज येथील ॲलन रॉबर्टसन पिसांचे चेंडू करणारा. त्याचा सहकारी टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळला म्हणून दोघांचे बिनसले आणि १८५१ मध्ये मॉरिस गाव सोडून प्रेस्टविकला गेला. पुढे हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या जागी पोलादी दांडे आले. अमेरिकेत त्यांना १९२४ मध्ये मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. तरीही १९३० मध्ये बॉबी जोन्सने एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच दांड्यांनी. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्सने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला, १९९१ मध्ये ‘बिग बर्था’ आली, मग टायटॅनियम आले आणि डोके फुगत चालले. अखेर २००४ मध्ये नियामक संस्थांनी ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा घालून दिली. आमच्या लाकडी ड्रायव्हरचे डोके या मापाच्या निम्म्याहूनही लहान. या इतिहासातून आम्ही सोयीस्कर तेवढेच घेतले: मॉरिस शहाणा ठरला. जोन्सचा दाखला आम्ही न्यायालयापुढे ठेवलाच नाही.

खरेदी परगावच्या एका मोठ्या दुकानात झाली. तेथे पडद्यासमोर चेंडू मारावयाचा आणि यंत्राने आकडे सांगावयाचे, अशी व्यवस्था होती. यंत्राने आमचा उत्कृष्ट टोला २३८ यार्डांचा सांगितला. पूर्वीचे दहा टोलेही त्याने सांगितले होते, पण ते आम्ही ऐकले नाहीत. नव्या काठीच्या मानेजवळ किल्ली फिरवून तिच्या तोंडाचा कोन कमीजास्त करता येत असे. मूळ कोन १०.५ अंशांचा होता; व्यावसायिक खेळाडू कमी कोन वापरतात असे ऐकून आम्ही तो ९ वर आणून ठेवला. या निर्णयात शास्त्र कमी आणि मिशी अधिक होती.

पहिल्या सकाळी चमत्कार झाला. चेंडू टाळी वाजल्यासारखा आवाज करून उठला आणि आजवर आम्ही केवळ चालत गेलो होतो अशा जागी जाऊन पडला. निपाणीकर म्हणाले, “बघा की! मी काय म्हणत होतो?” तो एक टोला आम्ही पुढे महिनाभर सांगत होतो. दुसऱ्या आठवड्यात चेंडू उजवीकडे वळू लागला, तिसऱ्यात पांढऱ्या खुंट्यांपलीकडे गेला. गोल्फमध्ये या खुंट्या मैदानाची सीमा दाखवतात. त्या ओलांडल्या की एका टोल्याचा दंड भरून पुन्हा मूळ जागेवरून खेळावे लागते. आमच्या मुलखातील माणसाने सीमेच्या प्रश्नावर अधिक बोलू नये हे बरे.

मित्रमंडळीत विचारपूस केली तेव्हा कळले की हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. नवा ड्रायव्हर घेणारा प्रत्येक जण पहिल्या सकाळची गोष्ट सांगतो. तिसऱ्या आठवड्याची कोणीच सांगत नाही. साक्षीदार खोटे बोलत नाहीत, पण सगळे हितसंबंधी आहेत: पैसे त्यांनीच भरलेले आहेत. अशा साक्षीला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते, आणि ती आम्हांला मिळाली. ब्रिटनमधील हौशी पुरुष खेळाडूंच्या टोल्यांची मोजणी नियामक संस्था करवून घेत आल्या आहेत. १९९६ मध्ये त्यांचा सरासरी टोला सुमारे २०० यार्डांचा होता आणि २०१९ मध्ये सुमारे २१६. जवळजवळ पाव शतकात, इतक्या धातूंनी आणि इतक्या जाहिरातींनी मिळून, सोळा यार्ड! अमेरिकेतील व्यावसायिक मात्र १९८० मधील सुमारे २५७ यार्डांवरून २०२३ पर्यंत ३०० च्या घरात पोचले. पण त्यात काठीइतकाच त्यांच्या व्यायामाचा, नव्या चेंडूचा आणि अचूक मापांचा वाटा. आमच्या कमरेचा घेर काही काठीबरोबर बदलून मिळाला नव्हता.

तेव्हा आम्ही दाव्याची नोंदवही काढावी तशी एक वही काढली आणि दहा फेऱ्यांतील प्रत्येक टोला, चांगला असो वा वाईट, तीत लिहिला. त्यातून तीन गोष्टी ध्यानी आल्या. जुनी काठी ४३ इंचांची, नवी ४५ हून अधिक. लांब दांड्याने वेग वाढतो, पण मध्य साधणे अवघड होते. जुन्या काठीच्या सवयीने आम्ही चेंडू बुटक्या टीवर ठेवीत होतो, तो त्या मोठ्या डोक्याच्या तळाशी लागे. आणि ज्याच्या टोल्याला वेग कमी, त्याने कोन कमी केला की चेंडू हवेत टिकतच नाही. आम्ही टी उंच केली आणि मिशी खाली करून कोन १२ अंशांवर नेला.

चौथी गोष्ट आमच्या कॅडीने सांगितली. हा मुलगा कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो. आम्ही जोर लावावयास निघालो की मागून त्याचा आवाज येई, “निधान, साहेब, निधान!” कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहण्याचा एक लाभ असा की कधी कधी एकच शब्द उपदेशही करतो आणि त्याचे फळही सांगतो. सावकाश मारलेला टोला खरोखरच आम्हांला ठेव्यासारखा सापडू लागला.

वहीचा अंतिम हिशेब असा झाला: लांबी वाढली ती आठ-दहा पावले. पण हरवलेले चेंडू निम्म्यावर आले. नव्या डोक्यात वजन कडेकडेला नेऊन ठेवलेले असते. त्यामुळे चेंडू मध्याला चुकून लागला तरी ते हातात फारसे फिरत नाही आणि टोला बऱ्यापैकी सरळ जातो. आम्ही पैसे मोजले होते लांबीसाठी. मिळाली होती क्षमा. आणि लांबीवाचूनही या खेळात काय साधते हे बेंगळुरूच्या अदिती अशोकने सर्वांना दाखवले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, पहिल्या टोल्याच्या लांबीत बहुतेकांच्या मागे असलेली ही मुलगी चौथी आली. कांस्यपदक तिच्या हातून एका टोल्याने निसटले, आणि त्या चार दिवसांत मैदानात तिची पिशवी वाहणारी तिची आई होती.

हे सारे झाले तरी एक गोष्ट राहिली होती. अण्णांना आम्ही काही सांगितले नव्हते. दर रविवारी टिळकवाडीतील त्यांच्या घरी आम्ही जात असू आणि दर रविवारी ते विचारीत, “ड्रायव्हर कसा आहे रे?” आम्ही म्हणत असू, “उत्तम आहे, अण्णा.” या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. अशी वाक्ये रचण्याचे शिक्षण आम्हांला त्यांनीच दिले होते, ही त्यातली सर्वांत वाईट बाब. न्यायालयात आम्ही अशा उत्तरावर उलटतपासणीत तुटून पडलो असतो. सात महिने आम्ही ते उत्तर देत राहिलो आणि प्रत्येक वेळी त्यांच्या घरचा चहा कडू लागत राहिला.

एका रविवारी आम्ही नवा ड्रायव्हर घेऊनच गेलो आणि तो त्यांच्या पलंगाशी ठेवला. अण्णांनी तो उचलला, मांडीवर आडवा धरला, नखाने त्याच्या कपाळावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला. मग म्हणाले, “मला गेल्या पावसाळ्यातच कळलं होतं. तुझे निपाणीकर येऊन सांगून गेले.” आम्ही खाली मान घालून उभे होतो. वयाच्या चाळिशीनंतर असे उभे राहण्याची सवय मोडलेली असते. अण्णांनी आम्हांला रागे भरले नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “याच्यानं चूक झाली, तर हाताला कळतं का?”

आम्ही विचार करून उत्तर दिले, “फारसं नाही. चेंडू सरळ जातो, म्हणून आपण बरोबर मारला असंच वाटतं.”

“मग वही सोडू नकोस,” अण्णा म्हणाले. “हात सांगत नसेल, तर कागदानं सांगायला हवं. चूक माफ झाली म्हणजे ती झालीच नव्हती, असं नव्हे.” थोडे थांबून ते म्हणाले, “आणि मलाही तू चुकलास हे सात महिने सांगितलं नाहीस. माफ तर केलंय. पण वहीत लिही.”

आम्ही ते त्याच रात्री लिहिले, टोल्यांच्या रकान्याखाली, तारखेसह.

आता स्पर्धेच्या दिवशी पिशवीत नवा ड्रायव्हर असतो. बुधवारी पहाटे मात्र मैदानावर कोणी नसताना आम्ही जुना काढतो आणि त्याने दहा चेंडू मारतो. त्यांतील सहा-सात टोल्यांना कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. मागून कॅडी “निधान” म्हणतो. ते दहा टोले झाले की कोठे चुकते आहे ते आम्हांला निश्चित कळते, आणि ते आम्ही लिहून ठेवतो. मागल्या पावसाळ्यात दोरा पुन्हा सैल झाला होता; तो आवळून घेतला आहे.

ते खानापूरचे पक्षकार पुढल्या तारखेला आले तेव्हा आम्ही होऊन त्यांना म्हणालो, “परवा तुम्ही विचारलंत ना, जुन्यानं काय केलं होतं? त्यानं काहीच केलं नव्हतं. तो आमच्या चुका आम्हांला सांगत होता.” त्यांनी मान डोलावली. “मग ठेवून घ्या त्याला, वकीलसाहेब,” ते म्हणाले, आणि आपल्या दाव्याचे कागद पुढे सरकवले.