विकलेले वीस शेअर

फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा नाशिकहून आम्ही चार प्राध्यापक मालेगाव-धुळेमार्गे तिकडे गेलो. साने गुरुजींची कर्मभूमी पाहायची, असे सहकाऱ्यांना सांगितले होते. माझ्या मनात मात्र दुसरेच काही होते. याच गावात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा उद्योग उभारला. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या लांबलचक नावाचे पुढे ‘विप्रो’ झाले आणि तेल-साबणाची ही कंपनी संगणकाच्या व्यवसायात शिरली. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले, ते विकलेच नाहीत आणि कोट्यधीश झाले, ही कथा खानदेशात आख्यानासारखी रंगवून सांगतात.

आमच्या अण्णांकडेही असे वीस शेअर होते. १९९६ साली त्यांनी ते विकले. त्या पैशांत नाशिकमधले माझे पहिल्या वर्षाचे वसतिगृह आणि खाणावळ भागली. १९९७ मध्ये कंपनीने एका शेअरमागे दोन बोनस शेअर दिले, १९९९ मध्ये एकाचे पाच केले. त्यानंतर २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा बोनस. एका रात्री मी हिशेब मांडला. त्या विसांचे आज सोळा हजार झाले असते. हा आकडा मी अण्णांना कधी सांगितलेला नाही.

या हिशेबाने मी शहाणा व्हायला हवे होते. झाले उलटेच. २०२० च्या टाळेबंदीत खाते उघडले आणि त्याच कंपनीचे शेअर सकाळी घेऊन दुपारी विकू लागलो. पुढे महाविद्यालय सुरू झाल्यावर दोन तासिकांच्या मधल्या वेळेतही तेच. दोन रुपये सुटले की परीक्षेत पहिला आल्याचा आनंद! वर्षअखेर दलाली आणि कर वजा जाता हाती तोटाच उरला. रक्कम घरी अजून सांगितलेली नाही. सेबीच्या जुलै २०२४ मधल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये एकाच दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. एवढ्या मोठ्या गर्दीत असल्याचे समाधान मानायचे, इतकेच.

तरीही अमळनेरकरांच्या संयमाची आरती ओवाळावी, असे मला वाटत नाही. त्यांचे शेअर कागदाचे होते, ट्रंकेत पडून होते. भाव कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. विकायचे तर हस्तांतराचा अर्ज, सह्या, टपाल. आता सगळे अंगठ्याखाली आले आहे. शिवाय, २००० च्या आरंभी संगणक कंपन्यांचे भाव शिगेला असताना ज्यांनी ऐकीव माहितीवर शेअर घेतले, त्यांनीही ते धरून ठेवलेच. त्यांना कित्येक वर्षे मुद्दलाचेसुद्धा दर्शन झाले नाही. आणि गरजेपोटी विकणारे तर त्या आख्यानात येतच नाहीत. धरून ठेवायला धीर लागतो हे खरे, पण त्याआधी त्या पैशांवाचून घर चालावे लागते. आमचे चालत नव्हते.

संमेलनाहून परतलो, तेव्हा अण्णांनी विचारले, “कारखान्याकडे गेला होतास का?”

“लांबूनच पाहिला.”

“तेव्हा भाव बरा आला होता,” ते म्हणाले आणि मी आणलेली पुस्तके चाळू लागले.